डाळिंबी स्वेटरच्या ओळखीबाबत

मी खाली सही करणारा, वय ४९, धंदा फोटोंचे रंग दुरुस्त करून छपाईला देणे, राहणार छापखान्यामागील गल्ली, तळमजला. विचारल्यावरून समक्ष सांगतो की,

माझे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते मागच्या आठवड्यात सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. अंगात डाळिंबी रंगाचा स्वेटर होता. तो वहिनींनी हाताने विणलेला होता. बेपत्ता असल्याची खबर याच ठाण्यात दिलेली आहे.

काल वहिनी मोबाईल घेऊन माझ्या कामाच्या खोलीत आल्या. पोलिसांच्या वेबसाइटवर कालव्यात मिळालेल्या अनोळखी मयत इसमाच्या स्वेटरचा फोटो होता. चेहऱ्याचा नव्हता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हा तपकिरी आहे. यांचा डाळिंबी. हे ते नाहीतच." दादा गेल्यापासून त्या पहिल्यांदाच धड बोलल्या.

मी तोच फोटो माझ्या स्क्रीनवर उघडला. या स्क्रीनचे रंग मी दर महिन्याला मापयंत्र लावून जुळवतो. ते यंत्र लटकवलेले दिसले की दादा विचारत, "डॉक्टर, पेशंटला ताप किती?" एका ब्राउझरमध्ये स्वेटर तपकिरी दिसला, दुसऱ्यात डाळिंबी. फोटो एकच, स्क्रीन तीच. साहेबांनी खुलासा विचारला म्हणून सांगतो की, फोटोसोबत रंगांची माहिती जोडलेली असते, कोणता आकडा म्हणजे नेमका कोणता रंग, याची. जो ब्राउझर ती वाचतो तो खरा रंग दाखवतो. जो वाचत नाही तो अंदाजपंचे दाखवतो आणि लालाचा मातकट होतो. गिऱ्हाइकांना हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आलेला आहे.

वहिनींनी विचारले, "मग यातला खरा कुठला?" याच प्रश्नाचे उत्तर देऊन मी पोट भरतो. मी म्हणालो, "स्क्रीनवरून सांगता येत नाही, प्रत्यक्ष बघावं लागेल." असे मी आजवर एकाही गिऱ्हाइकाला म्हटलेले नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे तपकिरीच असेल." मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही.

आज ठाण्यात मला स्वेटर दाखवण्यात आला. ट्यूबलाइटखाली रंग कळत नाही, म्हणून मी ओळखण्यास नकार दिला. हवालदार वैतागले, पण त्यांनी तो आवारात नेऊन उन्हात पसरला. उजव्या कोपराशी नंतर विणलेला तुकडा आहे. ती लोकर नंतर आणलेल्या खेपेची, किंचित फिकट आहे. हा फरक दादांना कधीच दिसला नाही. दिसतो म्हणालो की म्हणायचे, "तुझे डोळेच आजारी आहेत."

स्वेटर माझ्या भावाचा आहे अशी माझी खात्री आहे. माझा कोणावरही संशय नाही. वहिनी बाहेर बाकावर बसल्या आहेत. त्यांना अजून सांगितलेले नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. त्यात स्वेटरचा रंग 'लालसर' लिहिला होता. हवालदार म्हणाले, "अहो, आता काय फरक पडतो?" मी तो शब्द खोडून 'डाळिंबी' करून घेतला. आता बरोबर आहे.