तेविसावी खूण

मंडळी, पुढे सरका. खांबाला टेकलेले, तुम्हीसुद्धा! आज एकच सवाल घेऊन उभा राहिलोय — संशय घ्यावा की नाही? आणि घ्यायचाच, तर आधी कोणाचा? ...अहो, बायकोचा नव्हे! हसू नका, वहिनी मागेच बसल्यात.

तर ऐका. डोंगरात करंजटेप नावाचं गाव. मार्च लागला की विहिरी कोरड्या, मग टँकर. पण टँकरवाला परका, रस्ता चुकायचा. गावानं ठरवलं — आपला नकाशा आपणच करू! कुठे केला? देवळाच्या अंगणात. बायकांनी रांगोळीनं ओढा काढला, वाटा काढल्या. ज्यानं त्यानं यावं, आपल्या घरावर एक खडा ठेवावा. तेच सगळं मग मोबाइलवर चढवलं. नकाशात घर असेल, तर दारात पाणी!

नकाशा सांभाळायला कोण? केरूअण्णा रेणुसे, रिटायर पोस्टमन. त्यांनी नेमच घातला — स्वतःच्या पायानं गेल्याशिवाय खूण करायची नाही, खोडायचीही नाही. छातीवर हात मारून सांगायचे, "एकतीस वर्षं टपाल वाटलंय! मी गेलो नाही असं दार या गावात नाही!"

एक दिवस शहरातल्या नकाशे करणाऱ्या संस्थेच्या केतकीताई आल्या. म्हणाल्या, "अण्णा, आकाशातून काढलेल्या फोटोंत आम्ही छपरं शोधली. तुमच्या नकाशात नसलेली तेवीस निघाली. घालू का?"

अण्णांच्या कपाळाला आठ्या! फुकट देतेय? हल्ली फुकट कोण देतं? आणि सोमवारी टँकरची यादी पक्की होणार, नेमकी आत्ताच बरी उगवली! एक खूण वाढली की कुणाच्या तरी दारातलं पिंप कमी होणार.

"ताई, वरून छप्पर दिसतं. खाली माणूस आहे की म्हैस, ते दिसतं का?"

"नाही दिसत. म्हणूनच तुम्हाला विचारायला आले."

आता एवढं सरळ उत्तर! पण सरळ बोलणाऱ्याचा तर अण्णांना जास्तच संशय यायचा. ताईंची तेवीस खुणांची यादी खिशात घातली, लाल पेन्सिल कानावर, निघाले.

पहिली खूण — गोठा! खोडला. दुसरी — फार्महाउस, पुढे निळाशार पोहायचा तलाव! "बघा! पाणी पळवायचा डाव!" खोडलं. तिसरी — कोंबड्यांची शेड! अण्णा खूश! मंडळी, खरं सांगा, दुसरा चुकला की आपल्याला किती गार वाटतं!

दोन दिवसांत बावीस खुणा उडाल्या. राहिली एक, ओढ्यापलीकडे, दगडखाणीच्या मागे. "तिथे कोण राहणार? नुसतं रान. एक साधं कार्ड कधी गेलं नाही तिकडे." पेन्सिल टेकवली... आणि थांबली. नेम आडवा आला ना! स्वतःचाच! चरफडत निघाले.

खाणीमागे पाहतात तर एक नव्हे, सात झोपड्या; सहा झाडांखाली, वरून न दिसणाऱ्या. कातकऱ्यांच्या. झऱ्याच्या खड्ड्यातून एक म्हातारी, बायजी मुकणे, हंड्यात पाणी भरत होती. कशानं? वाटीनं! तेही गढूळ.

"कधीपासून राहता इथे?"

"लगीन होऊन हितंच आले. आता नातवाचं लगीन झालं."

"मग रांगोळीच्या दिवशी खडा ठेवायला का नाही आलात?"

बायजी हसली. "देवळाच्या अंगनात? आमाला कोन बोलावतं, अन्ना? आमी पायरीखालनं हात जोडतो अन् जातो."

"पण मी पोस्टमन! मला कसं ठाऊक नाही?"

"आमाला कागद कोन धाडनार? तुमी येनार कशाला?"

अण्णांनी कानावरची लाल पेन्सिल उतरवली. त्या परक्या पोरीवर तेवीस वेळा संशय घेतला! स्वतःच्या नकाशावर एकदा तरी घेतला होता का? लाज वाटली हो, डोळ्यांत पाणी आलं. बायजीनं वाटी पुढे केली, तीच गढूळ. अण्णा प्यायले.

मग म्हणाले, "बायजी, हितलेच सात खडे घ्या. अंगणात चला. खडे मी नाही ठेवणार, तुम्ही ठेवायचे."

रविवारी पुन्हा रांगोळी पडली. बायजी पायरी चढली. काहींनी तोंडं वाकडी केली — कोणाची, ते विचारू नका! तिनं खडे ठेवले आणि मंगळवारी टँकर ओढा ओलांडून गेला.

संपलं आख्यान. आता आरती... थांबा! टाळ खाली ठेवा. मघापासून मला म्हणताय ना, "महाराज, सगळं गाव आलंय"? मग जरा मान वळवा. पायरीखाली, चपलांपाशी, कोण उभं आहे? लांब नको, इथेच बघा!

उठा, जागा करा. ती माणसं वर येऊन बसली की मगच मी आरती धरतो.