फट नसलेलं घर

मिस्त्री: शी! मास्तर, हे झाकण उघडून कधी बघितलंत का तुम्ही?

मास्तर: उघडायचं कशाला? नवाकोरा गिझर आहे. बसवून एकवीस दिवस झाले.

मिस्त्री: एकवीस दिवसांत एवढी काजळी? बघा माझं बोट. आणि बर्नरच्या तोंडाशी हे काय, कोळ्याचं जाळं. वहिनी, मागे व्हा, अंगावर पडेल.

वहिनी: पडू दे. एकवीस दिवस याच्याच खाली उभी राहून अंघोळ करतेय. आता आणखी काय पडायचं राहिलंय?

मास्तर: कोळी सर्वत्र असतात. निसर्गाच्या सान्निध्यात राहायचं म्हटलं की...

वहिनी: आला! निसर्ग आला! अहो, सरकारी वीज नको, सरकारी पाणी नको, स्वतःच्या जिवावर जगायचं म्हणून या टेकाडावर आणलंत मला. चार वर्षं निसर्गाच्या सान्निध्यात चुलीवर पाणी तापवलं. धुराने डोळे गेले माझे. मी काही बोलले?

मास्तर: रोज बोलायचीस.

वहिनी: मग ऐकलंत का?

मिस्त्री: वहिनी, फोनवर तुम्ही म्हणालात, गिझर बघून जा, वास येतोय.

मास्तर: फोन हिने केला? मला वाटलं तुम्ही सहज आलात.

मिस्त्री: सात किलोमीटर चढण चढून सहज कोण येतं, मास्तर?

वहिनी: मी केला फोन. तुम्हाला विचारून केला असता तर मिस्त्री पुढच्या हिवाळ्यात आले असते. शनिवारी लेक येतेय माझी. दोन महिन्यांचं बाळ घेऊन येतेय, मिस्त्री, पहिल्यांदाच. याच बाथरूममध्ये त्याला अंघोळ घालायची आहे. म्हटलं, एकदा जाणत्या माणसाच्या नजरेखालून जाऊ दे.

मास्तर: म्हणजे मी अजाण. छत्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं मी.

वहिनी: मुलांना शिकवलंत. गिझरला नाही.

मिस्त्री: खोकं ठेवलंय का याचं?

मास्तर: अर्थात. मी खोकी टाकत नसतो. हे घ्या.

मिस्त्री: चष्मा लावा आणि मला सांगा, खोक्यावर चित्र कसलं आहे?

मास्तर: एक बाई आहे. एक कुत्रं आहे. बाई कुत्र्याला अंघोळ घालते आहे.

मिस्त्री: कुठे?

मास्तर: हिरवळीवर.

मिस्त्री: आणि वर काय आहे?

मास्तर: वर... आकाश.

मिस्त्री: छप्पर दिसतंय कुठे? भिंत दिसतेय? हे फिरायला जाणाऱ्या लोकांचं खेळणं आहे. झाडाला टांगायचं, चिखलाने भरलेलं कुत्रं धुवायचं, परत डिकीत टाकायचं. घराच्या आत पेटवायची वस्तूच नाही ही!

वहिनी: थांबा. कुत्री धुवायचा गिझर आणलाय यांनी माझ्यासाठी?

मास्तर: चित्र प्रतीकात्मक असतं. मी गुणधर्म पाहिले. सहा लिटर मिनिटाला, पंचवीस अंशांची वाढ, ठिणगीला दोन साधे सेल, विजेची गरज शून्य. तीन महिने अभ्यास केला, मिस्त्री. चौदा गिझरांचा तक्ता केलाय. दाखवतो.

वहिनी: दाखवू नका. जेवताना, झोपताना तोच तक्ता ऐकलाय मी.

मिस्त्री: दाखवा, दाखवा. अरे बाप रे! अक्षर मोत्यासारखं आहे हां. वजन, उंची, गॅसचा खप, नळाचा आटा... सतरा रकाने. आणि जळलेला वायू जाणार कुठून, तो रकाना?

मास्तर: प्रोपेन स्वच्छ जळतो. धूर होत नाही. शेवटी राहते ती वाफ आणि कार्बन डायऑक्साइड.

मिस्त्री: भरपूर हवा मिळाली तर. नळ सोडा बघू. पेटला. काय रंग आहे ज्योतीचा?

मास्तर: पिवळसर.

मिस्त्री: पिवळसर नाही, हळदीसारखी पिवळी आहे. निळी हवी. बर्नरच्या तोंडात जाळं, आणि खोलीत हवेचा पत्ता नाही. अर्धवट जळतंय ते. बंद करा. बंद करा म्हणतो ना! वहिनी, ती खिडकी उघडा.

वहिनी: उघडत नाही.

मिस्त्री: अडकलीय?

वहिनी: चिकटवलीय. यांनी. घरातल्या सगळ्या फटी बुजवल्यात, बाथरूमच्या झरोक्यासकट. फटीत फुगून घट्ट बसणारा तो फेस मारायची बंदूक घेऊन दोन महिने फिरत होते घरभर. पाहुणा आला की चहाच्या आधी मेणबत्ती. प्रत्येक खोलीत मेणबत्ती लावून दाखवतात. बघा, ज्योत हलत नाही!

मास्तर: ती साधी गोष्ट नाही. बाहेर पाणी गोठतं आणि आपण आत उन्हाने तापलेल्या भिंतींच्या उबेवर हिवाळा काढतो. उष्णतेचा एक कण वाया जात नाही. सबंध टापूत असं दुसरं घर नाही.

मिस्त्री: नसेलच. आत हवा येत नाही आणि केलेली घाण बाहेर जात नाही. मास्तर, राग मानू नका, पण मला किळस येते हो या प्रकाराची. अशा बाथरूममधून दोन माणसं बाहेर काढलीत मी माझ्या हाताने. नवराबायको होते. अंगावर ओरखडा नाही. गाल गुलाबी. झोपल्यासारखे. त्यांच्याकडेही असाच तक्ता असणार.

मास्तर: तुम्ही भीती घालता आहात.

मिस्त्री: हो, घालतोय. अर्धवट जळून होणाऱ्या त्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. वहिनींना आला तो वास काजळीचा. नशीब समजा, काजळी तरी धरली.

वहिनी: मग काय करायचं ते सांगा. शनिवारला चार दिवस आहेत. चूल पेटवायची नाही मी पुन्हा. मरेन पण पेटवणार नाही.

मिस्त्री: तीन रस्ते आहेत. एक, घराबाहेर भिंतीवर टांगायचा गिझर. पण तुमच्याकडे पाणी गोठतं. पहिल्या थंडीत त्याच्या आतली नळी फुटेल.

मास्तर: माझ्या तक्त्यात ते आहे. रकाना अकरा.

मिस्त्री: शाब्बास. दुसरा, आत बसवायचा पण धुराडं असलेला. तो हवा मात्र खोलीतलीच खातो. या डबीत तो चालायचा नाही. तिसरा, बंद पेटीचा. त्याची नळी दुहेरी असते, नळीत नळी. आतल्या नळीतून जळका वायू बाहेर, भोवतीच्या नळीतून ताजी हवा आत. घरातल्या हवेला तो शिवतसुद्धा नाही. प्रोपेनवर चालणारा मिळतो. छोटा पंखा आहे, चाळीस-पन्नास वॅट खाईल, तेही नळ चालू असेपर्यंतच. तुमच्या सौर पाट्यांना जड नाही. टाकी घराच्याही वर चढावर आहे, त्यामुळे पाण्याला जोर आहेच. सोबत वायू साचला की बोंबलणारं एक यंत्र लावा. झालं.

वहिनी: हाच आणा.

मास्तर: नळी कुठून जाणार?

मिस्त्री: या भिंतीतून. ताटलीएवढं भोक पाडावं लागेल.

मास्तर: नाही.

वहिनी: काय नाही?

मास्तर: या भिंतीत भोक पडणार नाही. दीड फूट जाडीची भिंत आहे. मी स्वतः, या हातांनी, थरावर थर घालून बांधलीय. तिच्यात ताटलीएवढं भोक? मग चार वर्षं केलं काय मी?

वहिनी: अगंबाई! नातवापेक्षा भिंत मोठी झाली.

मास्तर: शब्द फिरवू नकोस. एकवीस दिवस आपण वापरतोय. कुणाला काही झालंय? प्रयोगाने सिद्ध झालंय.

मिस्त्री: आपण म्हणजे? तुम्हीही इथेच अंघोळ करता?

मास्तर: मी बाहेर करतो. थंड पाण्याने. सिलिंडर लवकर संपू नये म्हणून. गरम पाणी सगळं हिच्यासाठी ठेवलंय.

वहिनी: ते खरं आहे, मिस्त्री. कुडकुडत करतात. दात वाजलेले ऐकू येतात मला आत. वाईट वाटायचं हो. मी मनात म्हणायचे, माणूस हट्टी आहे, पण जीव लावतो.

मिस्त्री: वहिनी, मधल्या काळात डोकं दुखलं कधी? चक्कर? मळमळ?

वहिनी: डोकं तर... पण ते केस ओले राहतात म्हणून. एकदा गरगरलं. दाराला धरून बसले. उपाशीपोटी अंघोळ केली की होतं तसं.

मिस्त्री: हे तुम्हाला कुणी सांगितलं?

वहिनी: यांनीच. वहीत लिहिलंय सगळं. प्रयोगवही आहे त्यांची, त्या फडताळात.

मास्तर: ती खासगी नोंद आहे. तिचा इथे संबंध नाही.

वहिनी: असं कसं? प्रयोगाने सिद्ध झालंय ना? मग दाखवा की. बाजूला व्हा.

(वहिनी वही काढून मिस्त्रीच्या हातात देते.)

वहिनी: माझा चष्मा आत आहे. तुम्ही वाचा, मोठ्याने.

मिस्त्री: दिवस पहिला. पाणी एक्केचाळीस अंश. सौ. प्रसन्न. दिवस चौथा. सौ.ची डोकेदुखी. कारण, ओले केस. दिवस सहावा. सौ.ला गरगरलं, दाराला धरून बसली. कारण, उपाशीपोटी स्नान. दिवस आठवा. मळमळ. कारण... इथे प्रश्नचिन्ह आहे.

वहिनी: पुढे?

मास्तर: पुरे झालं आता. त्यांना काम आहे.

मिस्त्री: दिवस नववा. सौ.ला दार किलकिलं ठेवून अंघोळ करायला सांगितलं. सबब, बाथरूममधला ओलावा. डोकं दुखलं नाही.

वहिनी: परत वाचा.

मिस्त्री: सबब, बाथरूममधला ओलावा. डोकं दुखलं नाही.

वहिनी: हो. म्हणाले होते, दार थोडं उघडं ठेव, भिंतीला ओल धरते. मी म्हटलं, बरं. सबब होती ती?

मास्तर: शंका होती फक्त. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढत नसतात.

वहिनी: शंका होती. ती वहीला सांगितलीत आणि मला नाही सांगितलीत.

मास्तर: तू घाबरली असतीस. मग तू म्हणाली असतीस, चला शहरात.

मिस्त्री: दिवस दहावा. दार किलकिलं. सौ. ठीक. घरातलं तापमान दोन अंशांनी घटलं. उद्यापासून दार बंद.

वहिनी: आणि अकरावा?

मिस्त्री: वहिनी, राहू दे ना.

वहिनी: अकरावा वाचा.

मिस्त्री: दिवस अकरावा. डोकेदुखी. बाराव्याला पण. मग रोजच आहे. कारणाच्या जागी काहीच लिहिलेलं नाही.

वहिनी: शी.

मास्तर: ऐक तरी.

वहिनी: शी! दोन अंशांसाठी? बेडकावर प्रयोग करतात तेसुद्धा त्याला आधी बेशुद्ध करतात हो. मी ओले केस पंच्याने आवळून बसायची, म्हणायची, माझंच डोकं नाजूक. आणि तुम्ही शेजारी बसून पेन्सिलीला टोक करत होता. इतके दिवस मी तुमच्या दात वाजण्याची कीव केली. मला माझीच ओकारी येतेय आता.

मास्तर: मला वाटलं, दोनचार दिवसांत तुला सवय होईल. खरंच वाटलं. बाळाला मी त्या खोलीत... तसं नसतं होऊ दिलं.

वहिनी: काय सबब सांगितली असतीत?

मिस्त्री: वहिनी, बसा जरा. पाणी घ्या.

वहिनी: मला काही झालेलं नाही. मिस्त्री, भोक कुठे पाडायचं, तेवढं दाखवा.

मिस्त्री: इथे. छातीच्या उंचीवर, खिडकीपासून हातभर लांब. खडू आहे का घरात?

मास्तर: माझ्याकडे आहे. मी काढतो गोल.

वहिनी: काढा. चांगला मोठा काढा. आणि तो झरोका आजच मोकळा करा, तुमच्याच हाताने. गिझर कधी आणताय, मिस्त्री?

मिस्त्री: उद्या आणतो. गुरुवारी भिंत फोडतो, शुक्रवारी बसवून, पेटवून, ते बोंबलणारं यंत्र लावून देतो. शनिवारी लेक येऊ दे खुशाल.

वहिनी: नाही. लेकीला मी आत्ता फोन करते. शनिवारी नको, त्याच्या पुढच्या शनिवारी ये म्हणते.

मास्तर: का? मिस्त्री म्हणताहेत ना, हा पूर्ण सुरक्षित आहे. मीही मान्य केलं.

वहिनी: असेल सुरक्षित. आधी आठ दिवस तुम्ही त्याच्याखाली अंघोळ करायची. गरम पाण्याने, दार लावून. मी बाहेर स्टुलावर बसेन.

मास्तर: बसून काय करणार?

वहिनी: वही राहू दे माझ्याकडे. पेन्सिल कुठे ठेवलीत?