भुऱ्याचा डोंगर

जिंतूरच्या जनावरांच्या दवाखान्यात माझ्यापुढं दोघी बसल्या होत्या. काकूंच्या मांडीवर म्हातारा कुत्रा, मुलीच्या कुशीत पिल्लू.

“शिवम्माकाकू, दसरा झाला की याला कुठं फिरवू?”

“आमच्या गावामागच्या डोंगरावर ने. गवत सोन्यासारखं झालेलं असतंय. ढग लय जवळ येतात.”

“कुत्र्याला वर जाऊ देतात?”

“कोण अडवणार? तिथं नुसता वारा असतोय.”

“तुमी जाणार का यंदा?”

“भुऱ्याचे पाय गेले, अर्पिता.”

“मग?”

“धा वर्षं हा पुढं पळायचा, अन् दर वळणावर माझ्यासाठी थांबायचा. यंदा झोळीत घालून पाठीवर नेणार हाय.”

“दम लागंल, काकू.”

“लागू दे की. आमाला कुठं घाई हाय?”