कॅनडाच्या टीव्हीला हळदकुंकू

सगळ्यात आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे उगाच तुम्ही मला शहाणी समजून बसायला नको. मी कॅनडातल्या एका टीव्ही स्टेशनच्या कॅमेऱ्याला हळदकुंकू लावलं होतं, आणि तेही लाइव्ह बातम्यांच्या आधी. ही बघा आमची मीरा, माझी नात, आत्तापासूनच हसायला लागली. किती वेळा ऐकलंय हिने, तरी म्हणते, आज्जी, तू असा कसा केला? तिचं मराठी इथे इंग्लंडात, लीड्समध्येच वाढलंय, तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका.

मी मूळची सांगलीची. वडिलांचा छापखाना होता, लहानसाच, छपाईचं एक ट्रेडल मशीन आणि अक्षरांच्या खिळ्यांच्या पेट्या. दसऱ्याला वडील स्वतः ते मशीन रॉकेलने पुसायचे, मग आई त्याला हळदकुंकू लावायची, झेंडूची माळ घालायची, आणि त्या दिवशी कुणाच्या लग्नाच्या पत्रिका अडल्या तरी मशीन चालवायचं नाही. ज्याच्यावर घर चालतं त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे, इतकी साधी गोष्ट.

मग लग्न झालं आणि इथे आले. हे हॉस्पिटलात डॉक्टर, आणि मी कोण, तर मिसेस डॉक्टर. काय सांगू तुम्हाला, पार्टीला गेलं की लोक यांच्याशी बोलायचे आणि माझ्याकडे बघून लव्हली म्हणायचे, म्हणजे साडी लव्हली, मी नव्हे. त्यात यांना एका वर्षाचं ट्रेनिंग मिळालं कॅनडात, म्हणून इथलं घर बंद करून तिकडे गेलो. तिथल्या टीव्ही स्टेशनला टायपिस्ट हवी होती, टायपिंग मला येत होतं, गेले आणि चक्क मला घेतलं, तीन महिन्यांच्या ट्रायलवर. हे म्हणाले, बघ हं, टिकशील का तू? मी म्हटलं, अहो, तुमच्याबरोबर टिकले, तर टीव्हीचं काय घेऊन बसलात! तोंडाने म्हटलं हो, पण ते काम मला टिकवायचंच होतं. तिथे मला पहिल्यांदा कुणीतरी माझं स्वतःचं नाव विचारलं होतं, ते काम गेलं असतं तर पुन्हा खिडकीशी बसून मिसेस डॉक्टरच व्हायचं होतं.

काम काय, तर बातम्या मोठ्या अक्षरांत टाइप करायच्या, त्या कागदाचा लांबलचक रोल मशीनवर चढवायचा आणि बातम्या चालू झाल्या की हळूहळू फिरवायचा. ती अक्षरं समोरच्या तिरक्या काचेवर दिसतात, बातमीवाला ती वाचतो आणि घरी लोकांना वाटतं, काय हुशार माणूस, सगळं पाठ! आमचा बातमीवाला ग्रँट, गोरापान, केस असे चापून बसवलेले. आणि बॉस होती जोन. तिला हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

ट्रायलचा शेवटचा दिवस शुक्रवार, आणि नेमका त्याच दिवशी दसरा. मला वाटलं, वा, शुभशकुन! पर्समधून पुड्या नेल्या होत्या. दुपारी स्टुडिओ रिकामा असताना हळद ओली केली, कुंकू घेतलं, पण मशीनचं कपाळ कुठलं हो? मी ठरवलं, काच. काचेच्या मधोमध छान बोट ओढलं. आपट्याची पानं कुठून आणणार, म्हणून पेव्हमेंटवरचं मेपलचं पान खाली ठेवलं, नमस्कार केला, मनात म्हटलं, मशीनबाई, मला इथे राहू दे. आता त्या काचेच्या मागेच, काळ्या कापडाच्या आत, खुद्द कॅमेरा बसलाय आणि तो त्याच काचेतून बघतो, हे या अकलेच्या खंदकाला, म्हणजे मला, तीन महिन्यांत कळलं नव्हतं. मी आपली खाली रोल फिरवत बसणारी, मला वाटायचं कॅमेरा म्हणजे तो बाजूचा.

सहा वाजले, बातम्या सुरू. समोरच्या टीव्हीवर बघते तर ग्रँटच्या कपाळावर लालसर धूसर टिळा! जाहिराती लागल्या तशी मी धावले आणि कार्डिगनच्या बाहीने काच पुसली. पुसली कसली, सारवली. जाहिराती संपल्या, तर आता सगळा ग्रँटच पिवळा, नखशिखान्त. तसाच बिचारा बर्फाच्या वादळाची बातमी देत होता.

बातम्या संपल्या न संपल्या तोच फोन वाजायला लागले, त्यातला एक मी घेतला तर आमचे हे! म्हणतात, हॉस्पिटलमधून डॉक्टर बोलतोय, तुमच्या त्या माणसाला कावीळ आहे, ताबडतोब रक्त तपासा. मी म्हटलं, अहो, मी आहे, कावीळ नाही, हळद आहे. ते म्हणाले, हळद? स्टुडिओत? मी म्हटलं, आज दसरा नाही का! मग हळूच म्हणाले, सामान आवरून ठेव, मी गाडी घेऊन येतो.

तेवढ्यात जोनने आत बोलावलं. गेले. पिवळी बाही पाठीमागे लपवलेली. तिने विचारलं, कुणी केलं? म्हटलं, मी. का? मग मी सांगलीपासून सगळं सांगितलं, छापखाना, मशीन, आई, रडत रडत, अर्धं इंग्लिश आणि अर्धं मराठी. ती ऐकत राहिली. एकदाच म्हणाली, म्हणजे तू त्या मशीनला नमस्कार केलास? मी मान हलवली.

ही मीरा आता विचारणार, मग तुला काढला का? अगं, काढलं असतं तर त्या वर्षाच्या अनुभवाच्या जोरावर मी इथे लीड्सला परत येऊन रिटायर होईपर्यंत टीव्हीत रोल फिरवले असते का, आणि आज पाय वर करून तुमच्यासमोर अशी हसत बसले असते का? चांगलं झालं हो सगळं, देवाची कृपा. पण त्या क्षणी मला काय ठाऊक! मी खाली मान घालून उभी. जोनने माझा कोट खुंटीवरून काढून माझ्या हातात दिला, मला वाटलं संपलं, आणि ती म्हणाली, सोमवारी नेहमीच्या वेळेला ये, आणि तुझ्या देवाला सांग, बातम्या साडेसहाला संपतात, त्यानंतर ये.