सूर्यमाळच्या वळणावरच्या दोन पाचरी

सन्माननीय अध्यक्ष कारभारीसाहेब, व्यासपीठावरील जंगलखात्याचे अधिकारी व निमंत्रित पाहुणे, खोडाळ्याचे पाटील, ट्रामलाइनीवरचे माझे सहकारी आणि सूर्यमाळच्या पाड्यांवरून चालत आलेल्या मंडळींनो,

मला शाल मिळाली, श्रीफळ मिळाले, आणि मघाशी मास्तरांनी गोड आवाजात मानपत्रही वाचले. त्यात एक वाक्य आहे : ‘घाटावरच्या जोडइंजिनाचा दोष टिल्लूसाहेबांनी आपल्या बुद्धिकौशल्याने दूर केला.’ मंडळी, ते वाक्य खरे नाही.

हे इंजिन आपण रोज पाहता. बॉयलर एक, पण त्याखाली चाकांच्या गाड्या दोन. मागची घट्ट बसवलेली, पुढची एका जाड खिळ्यावर फिरणारी. वाफ आधी मागच्या सिलिंडरांत राबते आणि उरलेल्या जोराने पुढच्या सिलिंडरांत जाते. जुने एकसंध इंजिन चार वाघिणी, म्हणजे मालडबे, ओढताना धापा टाकी आणि वळणावर रूळ कुरतडी. हे नऊ ओढते आणि सूर्यमाळच्या वळणावर कमरेत वाकून निघून जाते. बांधणाऱ्यांची सारी विद्या त्या वाकण्यात आहे. आणि मी नेमके तेच बंद केले.

नऊ वर्षांपूर्वी, सतरा साली, इंजिन सरळ रुळावर डुलू लागले. पुढची गाडी डावी-उजवीकडे मुंडी हलवी. मी येथे इंजिनिअर म्हणून नवा होतो. सर्वांना माझे ज्ञान दिसावे अशी घाई होती. मी हुकूम दिला, पुढच्या गाडीच्या दोन्ही अंगांना लोखंडी पाचरी ठोका.

इंजिन चालवत होता जिवा. सूर्यमाळचाच. रूळ टाकणाऱ्या टोळीत आला, फायरमन झाला आणि मग ड्रायव्हर. तो म्हणाला, “सायब, पाचर नका मारू. तिला मधी आणणारी स्प्रिंग मेलीय. ती बदला. सांधा बांधला तं वळणाला ती चढंल.”

मी काय उत्तर दिले? “इंजिन तू चालव, विचार मी करतो.”

पहिल्या दिवशी सरळ रुळावर ते इतके शांत चालले की मी कचेरीत पाठ थोपटून घेतली. दुसऱ्या दिवशी जिवा नऊ वाघिणी सागवान घेऊन उतरत होता. ओंडक्यांवर अकरा माणसे बसली होती. त्यांत बाजाराला निघालेली पाड्यावरची सुकरी होती, कडेवर पोर घेऊन. वळणावर पुढचे चाक बाहेरच्या रुळावर चढले आणि खाली गेले. वाफेचा नळ सांध्यापाशी फुटला. फायरमनने उडी मारली. जिवालाही मारता आली असती. त्या बाजूला गवत होते. तो आत राहिला. वाघिणींवरच्या ब्रेकवाल्यांसाठी शिट्टी देत, डाव्या हातावर वाफ येत असता त्याने ब्रेक आवळून धरला. इंजिन कातळाला टेकून थांबले. दरी तिथून सहा हात होती. अकराही माणसे पायांनी उतरली.

मी पोहोचलो तेव्हा हाताला पाला बांधून जिवा पाचरी काढत होता, कारण त्या काढल्याशिवाय गाडी रुळावर येईना. दोन्ही माझ्या हातात देऊन तो म्हणाला, “घ्या सायब. तुमच्या हाईत.”

पुढे चौकशी झाली. अहवाल मी लिहिला : ‘चालकाने वेग जास्त ठेवला.’ पाचरींचा उल्लेख केला नाही. जिवाला विचारले तेव्हा तो माझ्याकडे पाहत राहिला. मी खिडकीबाहेर पाहिले. त्याला इंजिनावरून काढून टाकीवर पाणी भरायला लावले. तीन आठवड्यांनी मी गुपचूप स्प्रिंग बदलली, डुलणे गेले, आणि नाव माझे झाले.

का बोललो नाही? भीती होती, असे म्हणणे सोपे आहे. खरे सांगायचे तर चार-सहा महिन्यांनी भीतीही उरली नव्हती. सवय झाली होती. माणूस दुसऱ्यावरच्या अन्यायालाही सरावतो, हे मी स्वतःवरून शिकलो.

या त्या पाचरी. टेबलावर ठेवतो. खरा अहवाल आज सकाळी मी कारभारीसाहेबांच्या हाती दिला. तो दोनदा वाचून त्यांनी एवढेच विचारले, “हे सभेत सांगाल?” आणि जिवाला सोमवारपासून इंजिनावर परत घेण्याचा हुकूम काढला.

काल मी त्याच्या घरी गेलो होतो. सगळे सांगितले.  तो म्हणाला, “स्प्रिंगला नऊ सालं झाली. बघाया पायजे.” माझ्याविषयी एक शब्द नाही. त्याची बायको राही नागली पाखडत होती. मी तिला विचारले, “सभेत बोलू ना?” सूप खाली न ठेवता ती म्हणाली, “बोला. पन त्याच्याम्होरं बोला. माघारी काय बोलायचं ते तवाच बोलून झालंय.”

म्हणून जिवाला पुढच्या रांगेत बसवण्याची विनंती मी केली होती. अध्यक्षांनी ती मानली, आपण माझे इतके ऐकून घेतले, याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. सभेच्या रीतीत काही उणे-अधिक झाले असेल तर आपण ते पोटात घालावे. जिवाने मात्र पोटात घालायची घाई करू नये. त्याला मी नऊ वर्षे थांबवले. आता थांबायची पाळी माझी आहे.

नमस्कार.