क्लीन क्रीमचा रंग

...न्हाय, पण मग आजपतोर आमी तोंडाला काय घाण लावत हुतो का? ट्यूबवर लिवलंय, 'क्लीन'. आता क्लीन म्हंजे काय, तुमीच सांगा.

तुमास्नी सांगतो, आमच्या अंजनीच्या, म्हंजे माझ्या बायकूच्या, गालावर दोन वर्सांपास्नं वांग उठल्यात. काळपट डाग, दुसरं काय न्हाय. मला दिसतबी न्हाईत, पण तिला आरशात तेवढंच दिसतंय. बारसं असू दे, लग्न असू दे, "तुमी जाऊन या" म्हणायची आन् आत जाऊन बसायची. जीवाला लागायचं वो माझ्या. आन् परवा संकेश्वरात भाचीचा साखरपुडा निघाला, तर म्हणाली, "मीबी येणार." कशाच्या जोरावर? तर ह्या क्रीमच्या. रंगीत क्रीम, लावलं की डाग झाकतोय, आन् वर म्हणं केमिकल न्हाय.

मी आपला विणकर माणूस, रंग म्हटलं की इचारणारच. गेलतो खडेबाजारात. दुकानातली सौम्या म्हणती, "अंकल, फुल नॅचरल, नो केमिकल." म्हटलं, बाई, मग रंग कशानं आला? "टिंट आहे अंकल." अगं टिंट म्हंजे रंगच की, तो काय झाडावरनं गळतोय? मागं मुंगीएवढ्या अक्षरात नावं, चष्मा लावून वाचली, एकबी तोंडात मावंना. ही कशाची नावं म्हटलं, तर "गोत्तिल्ला अंकल", म्हंजे कानडीत ठावं न्हाय, म्हणून हसली बिचारी. तिला शिकवलं तेवढं ती बोलणार. पण उद्या अंजनीचं तोंड सोललं तर? क्लीन म्हंजे काय, तुमीच सांगा.

तर साखरपुडा. मांडवात पंखा बंद, ही गर्दी, हा उकाडा, आन् अंजनी बायकांत बसून हसतीया... दोन वर्सांनी. मी नुस्ता बघत बसलो. आता आमची एक खोड, रंगवलेलं सूत आलं की ओल्या पांढऱ्या फडक्यानं पुसून बघायचं, रंग पक्का हाय का न्हाय. हिला सुटला घाम, मी मायेनं ओला रुमाल घेतला, गाल पुसला, रुमाल बघितला, आन् मागावर वरडावं तसा वरडलो, "रंग जातोय!"

मांडवातली सगळी वळून बघाय लागली. नवऱ्यामुलाची आत्या जयाबाई फुडं आली, "कशाचा रंग जातोय वो?"

अंजनीनं पदर गालावर धरला. डोळं भरलं हुतं. मला कळलं, आता ही उठणार, आन् परत कुठं म्हणून येणार न्हाय.

"साडीचा," म्हटलं. "पदरानं तोंड पुसलंय न्हवं, लागलाय."

हिच्या अंगावर विटकरी साडी, माझ्याच मागावरची. हयातीत माझ्या साडीचा रंग गेला न्हाय वो. जयाबाई म्हणाली, "तरीच," आन् नवरीला म्हणून आणलेली माझी साडी दोन बोटांनी बाजूला सारली. गिळलं. पण अंजनी जेवणापतोर तिथंच बसली, चांगली दोनदा जिलबी घेतली.

येताना एसटीत माझा हात धरून म्हणाली, "साडीवर कशाला घेतलं वो?" आन् फुडं म्हणती, "उद्या दुसरी ट्यूब आणा. घामात टिकणारी."

म्हंजे क्रीम अजून क्लीनच, आन् संकेश्वरभर रंग जातोय तो माझ्या साडीचा. निघालोय आता खडेबाजारला. क्लीन म्हंजे काय, ते न्हाय इचारत बाबा... एवढंच इचारतो, रंग पक्का हाय न्हवं?