मँडीची हजेरी

मंडळी, सरळ बसा आणि मला एक सांगा — देवापुढं जाताना काय न्यावं? लोकांना जे आवडतं ते, की आपल्यापाशी जे उरलंय ते? लगेच माना डोलवू नका! आधी ऐका.

आसरेवाडीची मंदाकिनी ढोले. शाळेच्या गॅदरिंगात गायची, तिथून टीव्हीवर गेली, अन् झाली 'मँडी'! वरातीत तिचीच गाणी. नाचलात की तुम्हीपण — आता कशाला खाली बघता?

पण मँडीचा गळा बसला. कायमचा! डॉक्टर म्हणाले, गाणं बंद. मग काय? जुनं रेकॉर्डिंग लावायचं, माईक तोंडाशी धरायचा, ओठ हलवायचे. दोन वर्षं! कुणाला पत्ता नाही.

अन् गावच्या जत्रेचं बोलावणं आलं. नाही म्हणता येईना. पण तिथल्या वाघजाईचा रिवाज असा, की स्टेजवर चढण्याआधी कलावंतानं गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी हजेरी द्यायची. एकच ओळ गायची — माईक नाही, पेटी नाही!

मॅनेजर मँडीच्या कानाशी लागला, "मॅडम, ताप आलाय सांगू. पाया पडा, निघा."

दारातच गुरवीण कौसाकाकू उभी. "मंदे, लाजतीस काय? देवीला तिकीट लावतीस व्हय?"

"काकू, सर्दी झालीय..."

"देवीला सर्दीचं वावडं नाय. म्हण!"

मागं सगळा गाव, हातात मोबाईल! तोंड उघडलं तर कमावलेलं नाव गेलं, मिटलं तर देवीशी खोटं! तिनं डोळे मिटले अन् म्हटलं. कसं? पत्र्यावर खिळा ओढावा तसं! दुसऱ्याच शब्दाला सूर तुटला. एक पोरगी फिस्सकन हसली.

"ही मँडीच हाय ना?" मागनं कुणीतरी म्हणालं.

तिनं ओळ पुरी केली. स्टेजवर चढली, रेकॉर्डिंगवाल्याला म्हणाली, "लावू नका." अन् माईकवर बोलली, "माझा आवाज गेलाय. दोन वर्षं तुम्ही टेप ऐकताय. आता हाय ते असं हाय."

निम्मा मांडव उठला! खुर्च्या वाजल्या, शिव्या आल्या. ती गात राहिली — घोगरी, थांबत, पाणी पीत. कौसाकाकू अगदी पुढं येऊन मांडी घालून बसली.

"लय वंगाळ गातीस गं," म्हणाली. "पुढचं म्हण."

मंडळी, उरलेलं देवीला चालतं हो! तुम्हाला चालतं का? तुमच्या घरातही कुणाचं काहीतरी गेलंय — कुणाची नजर, कुणाची नोकरी — अन् ते माणूस तुमच्यासमोर नुसते ओठ हलवतंय! का? तुम्ही उठून जाल म्हणून! आज घरी जा, त्याच्यापुढं बसा. तेवढं होणार असेल तर घ्या देवीचं नाव. नाहीतर टाळ्या राहू द्या!